लाँचर हाताने लिहिण्याची सक्ती नको, मुभा हवी

पोर्टेबल लिनक्स ॲप्लिकेशन्सच्या डेस्कटॉप लाँचरबाबत मागणीपत्र

प्रति,
ॲपइमेज व टारबॉल स्वरूपात सॉफ्टवेअर प्रकाशित करणारे सर्व प्रकल्प;
लिनक्सची डेस्कटॉप वातावरणे आणि डिस्ट्रिब्युशन घडवणारे विकासक;
सार्वजनिक पैशातून सॉफ्टवेअर तयार करून घेणाऱ्या आणि शाळा-कार्यालयांत ते बसवणाऱ्या संस्था



आम्ही लिनक्सवर रोजचे काम करणारी आणि इतरांना ते शिकवणारी माणसे आहोत. आमच्यात शाळा-महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा सांभाळणारे शिक्षक आणि सहायक आहेत, वाचनालयांतले कर्मचारी आहेत, डीटीपीचा छोटा व्यवसाय करणारे आहेत, आणि स्क्रीन रीडरच्या आधाराने संगणक वापरणारे दृष्टिहीन सदस्यही आहेत. मुक्त सॉफ्टवेअर आम्ही विचारपूर्वक निवडले आहे. ते उघडून पाहता येते, आपल्या भाषेत आणता येते, जुन्या यंत्रावरही चालवता येते. म्हणून या पत्रात तक्रारीचा सूर असला तरी ती घरच्यांनी घरच्यांकडे केलेली तक्रार आहे.

तक्रार अशी. ॲपइमेज किंवा टारबॉल अशा पोर्टेबल स्वरूपातले ॲप्लिकेशन उतरवून घेतले की ते चालते, पण डेस्कटॉपला ते ओळखीचे होत नाही. मेनूत दिसत नाही, नाव टाइप करून शोधले तर सापडत नाही, डॉकवर कायम ठेवता येत नाही, त्याची फाईल डबल क्लिक केल्यावर ते उघडत नाही. ही ओळख करून देणारी छोटी डॉट डेस्कटॉप फाईल, म्हणजेच लाँचर, वापरणाऱ्याने स्वतःच लिहावी, अशी आज सर्रास अपेक्षा आहे. आमचे म्हणणे एका वाक्यात असे की ही फाईल ॲप्लिकेशनसोबत यावी, वापरणाऱ्याच्या एका होकारावर डेस्कटॉपने ती योग्य जागी ठेवावी, आणि ज्याला ती हाताने लिहायची आहे त्याचा रस्ता आजच्याइतकाच मोकळा राहावा.

आम्ही पोर्टेबल स्वरूप का वापरतो

हे आधी सांगायला हवे, कारण पहिले उत्तर ठरलेले असते: ‘फ्लॅटपॅक घ्या, स्नॅप घ्या, किंवा डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातले पॅकेज घ्या.’ भांडारात हवी ती आवृत्ती असेल तेव्हा आम्ही तीच घेतो. पण प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर दीर्घ मुदतीची डिस्ट्रिब्युशन असते आणि तिच्या भांडारातली आवृत्ती पाठ्यक्रमाला लागते त्याहून जुनी निघते. फ्लॅटपॅक लाँचरचे काम चोख करते, हे आम्ही मान्य करतो. पण त्याच्यासोबत शेकडो मेगाबाइटचा रनटाइम येतो, आणि ज्या गावात इंटरनेट दिवसातून काही वेळच नीट चालते तिथे वीस यंत्रांवर तो उतरवणे हे अख्ख्या आठवड्याचे काम होऊन बसते. ॲपइमेज मात्र एकच फाईल असते. एका यंत्रावर उतरवली, पेन ड्राइव्हवर घेतली, बाकीच्या यंत्रांवर टाकली की झाले. प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही, मूळ यंत्रणेला धक्का लागत नाही, आणि नको झाली तर फाईल काढून टाकली की संपले. एक ॲप्लिकेशन म्हणजे एक फाईल, हे ॲपइमेजचे तत्त्व आमच्यासारख्यांच्या परिस्थितीला अगदी नेमके लागू पडते. टारबॉलचेही तेच: उघडायचा आणि आतली फाईल चालवायची.

म्हणजे दुबळ्या इंटरनेटवर, अपुऱ्या अधिकारांनी काम करणाऱ्यांच्या सर्वांत सोयीचे जे स्वरूप आहे, त्याच स्वरूपात लाँचर लिहिण्याचा भार त्यांच्याच डोक्यावर येतो. ही विसंगती आम्हाला फार खुपते.

प्रत्यक्षात काय घडते

आमच्या एका सदस्य शिक्षिकेने चित्रकलेच्या एका ॲप्लिकेशनची ॲपइमेज पेन ड्राइव्हवर आणली. पेन ड्राइव्ह फॅट पद्धतीचा. त्यावर फाईलला ‘चालवण्याची परवानगी’ नावाची गोष्ट टिकतच नाही. गुणधर्मांच्या खिडकीत खूण केली तरी ती पुन्हा पुसलेली दिसते. म्हणून फाईल आधी यंत्रावर घ्यायची, मग परवानगीची खूण करायची, मग डबल क्लिक. इथे अनेकदा पहिली माशी शिंकते. ॲपइमेज स्वतःच्या पोटातली फाईलप्रणाली फ्यूज या यंत्रणेच्या मदतीने जोडते, आणि जुन्या धाटणीच्या ॲपइमेजला त्यासाठी फ्यूजची दुसऱ्या आवृत्तीची लायब्ररी लागते. उबुंटू २२.०४ पासून ती मुळात बसवलेली नसते. डबल क्लिक केल्यावर पडद्यावर काहीच होत नाही. कारण कळायचे तर टर्मिनल उघडून तिथून चालवून पाहावे लागते.

ते निभावले. ॲप्लिकेशन उघडले, मुले खूश झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न: ‘मॅडम, ते कुठे गेलं?’ मेनूत ते नव्हतेच. मग त्यांनी टेक्स्ट एडिटर उघडून लाँचर लिहायला घेतला. पहिल्या ओळीत चौकटी कंसात डेस्कटॉप एन्ट्री. त्याखाली टाइपच्या ओळीत ॲप्लिकेशन. नेमच्या ओळीत नाव. एक्झेकच्या ओळीत ॲपइमेजचा पत्ता. आयकॉनच्या ओळीत चित्राचा पत्ता. पण चित्र आहे कुठे? ते ॲपइमेजच्या पोटात. मग टर्मिनलमधून ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्टचा पर्याय देऊन पोट उघडायचे आणि त्यातून चित्र काढायचे. टर्मिनलच्या ओळीत फॉल्स. कॅटेगरीजच्या ओळीत ग्राफिक्स आणि शेवटी अर्धविराम. ही ओळ राहिली तर बऱ्याच डेस्कटॉपांच्या मेनूत ॲप्लिकेशन ‘इतर’ या गटात जाऊन पडते. फाईल ठेवायची ती घर-फोल्डरमधल्या डॉट लोकल नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, त्यातल्या शेअरमध्ये, त्यातल्या ॲप्लिकेशन्समध्ये. लपवलेली फोल्डर्स दाखवण्यासाठी कंट्रोल आणि एच.

एवढे करूनही मेनूत काही आले नाही. कारण एक्झेकच्या ओळीत घर-फोल्डरसाठी त्यांनी टिल्डचे चिन्ह वापरले होते. टर्मिनलमध्ये ते चिन्ह चालते, म्हणून इथेही चालेल असे कुणालाही वाटणारच. पण लाँचरच्या फाईलमध्ये टिल्डचा विस्तार होत नाही, होमचा चलही चालत नाही. मुळापासून पूर्ण पत्ता द्यावा लागतो. आणि एक्झेकमध्ये दिलेली फाईल सापडली नाही की ग्नोम ती नोंद गुपचूप वगळतो. चूक कोणत्या ओळीत आहे हे पडद्यावर कुठेही येत नाही. पत्त्यात मोकळी जागा असेल तर दुहेरी अवतरणात तो बांधावा लागतो; आणि तो मजकूर एखाद्या वर्ड प्रोसेसरमधून चिकटवला असेल तर अवतरणचिन्हे वळणदार होतात आणि पुन्हा गाडी अडते. एक्झेक या शब्दाचे पहिले अक्षर छोट्या लिपीत पडले तरी ओळ बाद. व्हर्जनच्या ओळीत बहुतेक जण ॲप्लिकेशनची आवृत्ती लिहितात. ती ओळ खरे तर लाँचरच्या मानकाच्या आवृत्तीसाठी असते.

पुढचा अडथळा मराठीत संगणक वापरणाऱ्यांचा. सत्राची भाषा मराठी निवडली की घर-फोल्डरमधल्या डाउनलोड्स, डेस्कटॉप अशा फोल्डरांची नावेही मराठीत होऊ शकतात. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकेतला पत्ता जसाच्या तसा उतरवला की तो अस्तित्वात नसलेल्या फोल्डराकडे बोट दाखवतो.

शेवटी लाँचर दिसला. त्यावर क्लिक केले तर डॉकवर एकाऐवजी दोन चित्रे: एक आपले, दुसरे राखाडी गिअरचे. डॉकला उघडलेली खिडकी आणि लाँचर यांचे नाते कळले नव्हते. त्यासाठी स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लासची ओळ लिहावी लागते, आणि तिच्यात कोणते नाव लिहायचे ते शोधून काढावे लागते. जुन्या एक्स ११ सत्रात एक्सप्रॉप ही आज्ञा चालवून खिडकीवर क्लिक केले की ते मिळते. नव्या वेलँड सत्रात वेलँडच्याच खिडक्यांना ती युक्ती लागू पडत नाही.

मग नवी आवृत्ती आली. ॲपइमेजच्या फाईलनावात आवृत्तीचा क्रमांक असतो, म्हणून नाव बदलले, म्हणून एक्झेकचा पत्ता चुकला, म्हणून लाँचर मेनूतून नाहीसा झाला. ये रे माझ्या मागल्या. आणि पत्त्यात वापरणाऱ्याच्या खात्याचे नाव असल्याने एका विद्यार्थ्याच्या खात्यातली फाईल दुसऱ्याच्या खात्यात चालत नाही.

हे सारे आम्ही विस्ताराने लिहिले, कारण ‘दहा ओळींची तर फाईल आहे’ हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे. ओळी दहाच आहेत. त्यामागे गृहीत धरलेली माहिती किती आहे, ते वरच्या वर्णनावरून कळावे.

उत्तर पोटातच आहे

आमच्या मागणीचा पाया पुढच्या वस्तुस्थितीत आहे. ॲपइमेज ज्या फोल्डरापासून बनते त्याच्या मुळाशीच एक डॉट डेस्कटॉप फाईल आणि एक आयकॉन ठेवायचा, असा त्या स्वरूपाचाच नियम आहे. म्हणजे आमच्या शिक्षिका जे नाव, जो गट, जे वर्णन लिहीत होत्या ते सगळे त्या फाईलच्या पोटात आधीच लिहिलेले होते. त्यातल्या दोनच गोष्टी यंत्रागणिक बदलतात: ॲपइमेज कुठे ठेवली आहे तो पत्ता, आणि आयकॉन कुठे ठेवला आहे तो पत्ता. हे दोन्ही संगणकाला माहीत असते. माणसाने ते शोधून टाइप करण्याचे काही कारण उरत नाही.

लाँचरचे मानकही नवे नाही. २००० साली सुरू झालेल्या फ्रीडेस्कटॉप उपक्रमाने डेस्कटॉप एन्ट्रीचे एकच मानक घडवले, आणि ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, मेट, सिनॅमन सगळे तेच वाचतात. एकदा नीट लिहिलेली फाईल सगळीकडे चालते. लिनक्सच्या जगात इतक्या गोष्टींवर एकमत विरळाच.

आणि हे करून दाखवणारेही आहेत. ब्लेंडरच्या टारबॉलमध्ये डॉट डेस्कटॉप फाईल आणि आयकॉन सोबत येतात, आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांत रजिस्टर असा पर्याय देऊन चालवले की नोंदणीचे काम ब्लेंडर स्वतः करतो. टेलिग्रामच्या टारबॉलमधले ॲप्लिकेशन पहिल्यांदा चालवले की आपला लाँचर आपणच लिहून ठेवते. आर्डुइनोच्या जुन्या १.८ आवृत्तीच्या फोल्डरात इन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट होती, ती चालवली की मेनूत नोंद व्हायची. दुसऱ्या पिढीचा आर्डुइनो आयडीई ॲपइमेजमध्ये येतो आणि त्यात तशी सोय नाही. इलेक्ट्रॉन-बिल्डर या लोकप्रिय साधनातही एकेकाळी ॲपइमेज स्वतःच मेनूत नोंद करायची. २१ व्या आवृत्तीपासून ते काढून टाकले गेले आणि काम ॲपइमेजलाँचरसारख्या वेगळ्या साधनावर सोपवले गेले. वेगळे साधन चांगले आहे, पण ते ज्याच्याकडे बसवलेले नाही त्याला पुन्हा टेक्स्ट एडिटर उघडावा लागतो. सोय होती, ती गेली, आणि तिची जागा भरून काढण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही.

आमच्या मागण्या

ॲप्लिकेशन प्रकाशित करणाऱ्या प्रकल्पांकडे

१. टारबॉल असो वा ॲपइमेज, सोबत पूर्ण आणि तपासलेली डॉट डेस्कटॉप फाईल असावी. तपासण्यासाठी डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेट हे साधन वर्षानुवर्षे उपलब्ध आहे. प्रकाशनाच्या स्वयंचलित प्रक्रियेत त्याची एक पायरी घातली की चुकीची फाईल बाहेर जाणारच नाही. स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लासची ओळ विकासकानेच भरावी. खिडकीचे नाव त्याने स्वतः ठेवलेले असते; ते दुसऱ्या कुणी हुडकून काढावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

२. ॲप्लिकेशनमध्येच ‘मेनूत ठेवा’ आणि ‘मेनूतून काढा’ असे दोन पर्याय असावेत. न विचारता काहीही लिहू नये. पोर्टेबल ॲप्लिकेशनने यंत्रावर खुणा सोडू नयेत, असे मानणारे आमच्यातही आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे.

३. प्रकाशित फाईलला आवृत्तीचा क्रमांक नसलेले एक स्थिर नावही द्यावे, किंवा ॲप्लिकेशनने नोंदणी करताना स्थिर नावाचा दुवा तयार करून एक्झेकमध्ये तोच द्यावा. त्याबरोबर ट्राय-एक्झेकची ओळ असावी. ती असली की मूळ फाईल काढून टाकल्यावर मेनू ती नोंद आपोआप वगळू शकतो आणि मेलेले आयकॉन मागे राहत नाहीत. मानकात ही सोय आहे, वापरणारे मात्र फारच थोडे.

४. जे प्रकल्प अजून जुन्या रनटाइमवर ॲपइमेज बांधतात त्यांनी नवा रनटाइम घ्यावा. त्यात फ्यूजची लायब्ररी आतच जोडलेली असते, त्यामुळे वर सांगितलेला पहिला अडथळा टळतो.

डेस्कटॉप आणि डिस्ट्रिब्युशन घडवणाऱ्यांकडे

५. ही आमची सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. वापरणाऱ्याने ॲपइमेज डबल क्लिक केली की फाईल व्यवस्थापकाने विचारावे: एकदाच चालवायची, की मेनूतही ठेवायची? ‘ठेवा’ म्हटले तर ॲपइमेजमधली डॉट डेस्कटॉप फाईल वाचावी, एक्झेक आणि आयकॉन या दोन ओळींत खरे पत्ते भरावेत आणि फाईल वापरणाऱ्याच्या फोल्डरात ठेवावी. पुढे मेनूतल्या आयकॉनवर राइट क्लिक करून ती तितक्याच सहजपणे काढता यावी. हे काम करणारी स्वतंत्र साधने आहेत. गिअर लीव्हर त्यांपैकीच एक. पण ती आधी कुठून तरी मिळवावी लागतात. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याला असे साधन अस्तित्वात आहे हेच माहीत नसते.

सुरक्षिततेचा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. डॉट डेस्कटॉप फाईल म्हणजे चालणारी आज्ञा असते. २०१९ साली केडीईत अशी त्रुटी सापडली होती की अशा फाईलमधल्या आयकॉनच्या ओळीत आज्ञा दडवली तर नुसते फोल्डर उघडल्यावरही ती चालू शकत होती. केडीईने तो मार्गच काढून टाकून ती दुरुस्त केली. म्हणून होकार मागताना ॲप्लिकेशनचे नाव, फाईलचा पूर्ण पत्ता, आणि स्वाक्षरी असेल तर ती पडताळल्याचा निर्वाळा, हे समोर दिसावे. ॲपइमेजमध्ये स्वाक्षरी घालण्याची सोय आहे, पण ती तपासून पाहणारा डेस्कटॉप हवा ना? आजची स्थिती याहून धोक्याची आहे. उबुंटू २४.०४ ने सामान्य वापरकर्त्याच्या युजर नेमस्पेसवर निर्बंध आणले, तेव्हा इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या अनेक ॲपइमेज उघडेनाशा झाल्या. त्यावर तोडगा म्हणून एक्झेकच्या ओळीत नो-सँडबॉक्स लिहा, असा सल्ला सगळीकडे फिरतो. हाताने लिहिणारा नवखा माणूस तो सल्ला मानून आपल्याच संगणकाचे कवच काढून ठेवतो, आणि त्याला ते कळतही नाही. नोंदणी डेस्कटॉपकडे गेली तर एक्झेकची ओळ हाताने लिहिण्याच्या ओघात असा बदल नकळत होणार नाही.

६. लाँचरची फाईल वगळली जाते तेव्हा कारण दिसावे. ‘एक्झेकमध्ये दिलेली फाईल सापडत नाही’ हे एवढेसे वाक्य, वापरणाऱ्याच्या भाषेत. आमच्या सदस्यांचा सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट कोणती असे विचाराल तर ती हीच.

७. लाँचर बनवण्याची खिडकी प्रत्येक डेस्कटॉपमध्ये मुळातच असावी. केडीईत मेनू-संपादक असतो, एक्सएफसीईत डेस्कटॉपवर राइट क्लिक करून लाँचर बनवता येतो. ग्नोममध्ये मात्र अलाकार्ट किंवा मेनूलिब्र वेगळे बसवावे लागते. २०१८ मध्ये ग्नोम ३.२८ ने डेस्कटॉपवरचे आयकॉन काढले, तेव्हापासून फाईल डेस्कटॉपवर ठेवून काम भागवण्याची जुनी पळवाटही ग्नोमच्या मूळ रूपात राहिली नाही.

८. मोकळ्या मजकुराची फाईल मात्र तशीच राहावी. सोयीच्या नावाखाली लाँचरची माहिती एखाद्या बंदिस्त डेटाबेसमध्ये नेऊ नये. आज एखादा विद्यार्थी ती फाईल उघडतो, वाचतो, एक ओळ बदलतो आणि मेनूत काय बदलले ते पाहतो. संगणक आपल्या सांगण्यावरून चालतो हे त्याला तिथे पहिल्यांदा उमगते. वापरणाऱ्याच्या फोल्डरात त्याच नावाची फाईल ठेवली की ती यंत्रणेच्या फाईलवर मात करते, ही सोयही अबाधित राहावी. एखाद्या ॲप्लिकेशनला ठरावीक पर्याय देऊन चालवायचे असेल, किंवा लहान मुलांच्या खात्यातून एखादे ॲप्लिकेशन लपवायचे असेल, तर आमच्या प्रयोगशाळा याच सोयीवर चालतात.

मराठीबाबत

९. डॉट डेस्कटॉपच्या मानकात नाव, वर्णन आणि शोधशब्द कितीही भाषांत देता येतात. नेमच्या पुढे चौकटी कंसात एमआर लिहिले की ती ओळ मराठी सत्रात दिसते. ग्नोम आणि केडीई मराठीत आणण्यासाठी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. त्या कष्टांचे फळ मेनूत पोचत नाही, कारण पोर्टेबल ॲप्लिकेशनच्या फाईलमध्ये मराठीची ओळच नसते. शोधपट्टीत ‘चित्र’ टाइप करणाऱ्या पाचवीच्या मुलीला काही सापडत नाही, कारण कीवर्ड्समध्ये फक्त इंग्रजी शब्द आहेत. आमची मागणी आहे की नाव, सामान्य नाव, वर्णन आणि शोधशब्द या चार ओळी भाषांतरासाठी वेगळ्या काढून खुल्या ठेवाव्यात. त्यांचे मराठीकरण आम्ही करून देऊ. प्रकल्पाने फक्त ते स्वीकारून पुढच्या प्रकाशनात घालावे, आणि प्रादेशिक जोड न लावता साध्या एमआर संकेताखाली घालावे, म्हणजे महाराष्ट्रात, गोव्यात किंवा परदेशात मराठी सत्र कोणत्याही प्रादेशिक मांडणीत चालू असले तरी ते दिसेल.

आमच्या दृष्टिहीन सदस्यांसाठी हा प्रश्न सोयीच्या पलीकडचा आहे. ओर्का या स्क्रीन रीडरसह काम करताना नाव टाइप करून ॲप्लिकेशन उघडणे ही एका क्षणाची गोष्ट असते. तेच ॲप्लिकेशन मेनूत नसेल तर फोल्डरामागून फोल्डर ऐकत, क्रमांकांनी भरलेल्या लांबलचक फाईलनावापर्यंत पोचावे लागते. लाँचर नसलेले ॲप्लिकेशन त्यांच्यासाठी जवळजवळ नसल्यातच जमा आहे.

सार्वजनिक संस्थांकडे

१०. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बॉस लिनक्स घडवले. केरळने शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली आणि तिथल्या मुलांना शिकण्याची साधने मेनूत मांडलेली मिळतात. पायवाट आहे. तेव्हा शैक्षणिक किंवा कार्यालयीन सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनवून घेताना करारातच अट घालावी की ते पोर्टेबल स्वरूपात दिल्यास तपासलेली डॉट डेस्कटॉप फाईल, निरनिराळ्या आकारांचे आयकॉन आणि मराठी नोंदी सोबत असतील. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याआधी एकदा मराठी सत्रात, सामान्य खात्यातून, मेनूतून ते उघडून पाहावे. एवढ्या चाचणीला काही मिनिटे लागतात.

११. प्रयोगशाळेत यंत्रे बसवणाऱ्या कंत्राटदाराने पोर्टेबल ॲप्लिकेशन एखाद्या विद्यार्थ्याच्या घर-फोल्डरात टाकून जाऊ नये. ते ऑप्ट फोल्डरात ठेवावे आणि लाँचर मुळाशी असलेल्या यूएसआर फोल्डरातल्या लोकल, त्यातल्या शेअर, त्यातल्या ॲप्लिकेशन्स फोल्डरात ठेवावा. एकच फाईल त्या यंत्रावरच्या प्रत्येक खात्याला दिसते, आणि नवे खाते उघडले तरी काही करावे लागत नाही. आमच्या सदस्यांनी वरच्या मागण्या मान्य होण्याची वाट न पाहता हा शिरस्ता आजपासून पाळायचा आहे.

आम्ही काय करू

मागणारा हात रिकामा नसावा, असे आम्हाला वाटते. जो प्रकल्प आपली डॉट डेस्कटॉप फाईल आमच्याकडे पाठवेल, तिच्या मराठी ओळी आमचे सदस्य लिहून आणि प्रत्यक्ष सत्रात तपासून परत देतील. ग्नोम, केडीई आणि एक्सएफसीई या तीन वातावरणांत, एक्स ११ आणि वेलँड दोन्हीकडे, नोंदणी आणि काढणी नीट होते का याची चाचणी आम्ही करू आणि त्रुटी नेमक्या पायऱ्यांसह कळवू. लाँचर हाताने लिहिण्याची मराठी मार्गदर्शिका आम्ही तयार करत आहोत. ती शिक्षणाचा भाग म्हणून वर्गात शिकवली जाईल.

मागणी क्रमांक ५ आणि ६ यांवर डेस्कटॉपच्या विकासकांशी, आणि क्रमांक १० वर संबंधित विभागांशी प्रत्यक्ष बोलण्यासाठी आम्ही वेळ मागत आहोत. जी मागणी मान्य करता येत नसेल तिचे तांत्रिक कारण आम्हाला लेखी कळवावे. ते आम्ही सदस्यांपुढे जसेच्या तसे मांडू आणि त्यावर आमचे म्हणणे पुन्हा सादर करू. उत्तरासाठी तीन महिन्यांची मुदत पुरेशी आहे असे आम्ही धरतो. पत्रासोबत चाचणीसाठी तीन नमुना डॉट डेस्कटॉप फाईल जोडल्या आहेत: एक ॲपइमेजसाठी, एक टारबॉलसाठी, आणि एक ऑप्ट फोल्डरात ठेवलेल्या, सर्व खात्यांना दिसणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी. तिन्हींत मराठी नोंदी आहेत आणि तिन्ही वापरण्यास, बदलण्यास, वाटण्यास मोकळ्या आहेत.

आपले,
कार्यकारिणी आणि सर्व सदस्यांच्या वतीने
अध्यक्ष व सचिव